लाइटवेट शर्यतीचा हंगाम आणि तुमचं शरीर: वजन, मनगट आणि डोक्याचा मार

मे महिना संपत आला की माझ्या वारणानगरच्या दवाखान्यात दोन-चार तरुण एकच कागद घेऊन येतात. मोटरसायकल शर्यतीचा परवाना काढायचा तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, त्याचा तो कागद. "डॉक्टर, सही तेवढी द्या की, संध्याकाळपर्यंत पाठवायचंय." तपासणी ही त्यांच्या लेखी सहीच्या आधीची एक अडचण असते.

कोल्हापूर जिल्ह्याला वेगाचं वेड नवीन नाही. मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकमुळे इथली मुलं लहानपणीच स्टिअरिंगला हात लावू लागली. दुचाकीची हौस तर घरोघरी आहे. वाठार फाट्यावरून वारणानगरकडे येणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलात तर ती कानांनाही कळेल. त्यातले फार थोडे जण खऱ्या ट्रॅकपर्यंत पोहोचतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे.

मागे असाच एक मुलगा आला. वय १९, इथेच अभियांत्रिकीला शिकणारा, उंची १७२ सेंटिमीटर. मार्चमध्ये तापासाठी आला होता तेव्हा वजन ६२ किलो होतं, जूनच्या तोंडावर ५५. मी विचारलं, आजारी होतास का? म्हणाला, "नाही डॉक्टर, लाइटवेट गटात उतरायचंय ना, म्हणून उतरवलं." रात्रीचं जेवण बंद, भाकरी बंद, आणि शेवटच्या आठवड्यात पाणीही मोजून. ही युक्ती त्याला तालमीत जाणाऱ्या चुलतभावानं शिकवली होती. झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं केलं, तर वरचा आकडा २४ नं घसरला आणि त्यानं टेबलाची कड पकडली. जो मुलगा खुर्चीवरून उठताना टेबल धरतो, तो ताशी दीडशेच्या वेगात वळणावर झुकणार होता. मी त्या दिवशी सही केली नाही.

'लाइटवेट' म्हणजे हलका कोण?

इथेच पहिली गल्लत होते, आणि ती आपल्याकडे होणं साहजिक आहे. कोल्हापूरच्या माणसाला गट म्हटला की कुस्तीचा वजनगट आठवतो. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅमनं बाद ठरली, हे तर सगळ्यांनी हळहळून पाहिलं. कुस्तीत काट्यावर माणूस चढतो.

मोटरसायकलच्या रस्ता-शर्यतीत गट ठरतो तो इंजिनावरून. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पूर्वी २५० सीसीला लाइटवेट आणि १२५ सीसीला अल्ट्रा लाइटवेट म्हणत. २०१२ पासून सर्वांत लहान गट 'मोटो३' झाला. त्यात २५० सीसीचं, एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक इंजिन असतं. आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत गेली काही वर्षं १६५ सीसीचे प्रो-स्टॉक आणि नवोदितांचे गट, मुलींचा स्वतंत्र गट आणि ३०० ते ४०० सीसीचा गट असे प्रकार चालत आले आहेत. होंडाच्या टॅलेंट कप स्पर्धेत २०१९ पासून काही वर्षं एनएसएफ२५०आर ही मोटो३ च्या धाटणीची गाडीही धावली. यांपैकी कुठेही 'स्वार अमुक किलोच्या आत हवा' अशी कुस्तीसारखी अट नसते.

उलट मोटो३ चा नियम ऐकला की आमचे पहिलवान हसतात. तिथे कमाल वजनाची मर्यादा नाही, किमान वजनाची आहे. गाडी आणि पूर्ण पोशाखातला स्वार मिळून १५२ किलोच्या खाली जाता येत नाही. स्वार फारच हलका असेल तर गाडीला वजनं लावून तूट भरून काढतात. जुन्या १२५ सीसी गटात हा आकडा १३६ होता. मोटो२ मध्येही २०१३ पासून स्वार आणि गाडीचं एकत्र किमान वजन मोजू लागले, कारण उंच, धिप्पाड स्वारांवर उपाशी राहण्याची पाळी येत होती. हे नियम शर्यत चुरशीची व्हावी म्हणून जेवढे आहेत, तेवढेच स्वारांनी वेळेवर जेवावं म्हणूनही आहेत. तुमच्या गटाला असा एकत्रित वजनाचा नियम आहे का, हे आहार बदलण्याआधी नियमपुस्तिकेत पाहा. असेल तर ठरावीक आकड्याखाली उतरवलेला प्रत्येक किलो गाडीवर पुन्हा चढणार आहे.

पण हलकं असण्याचा फायदा होतोच ना?

होतो. खोटं कशाला सांगू? लहान इंजिनात ताकद कमी असल्यानं वजन जास्त जाणवतं. समजा गाडी १४० किलो आणि हेल्मेट, लेदरसह स्वार ७० किलो, म्हणजे एकूण २१०. त्यातले ७ किलो गेले तर ओझं सुमारे ३.३ टक्क्यांनी घटतं. सरळ रस्त्यावर वेग पकडताना एवढा फरक दिसतो.

प्रश्न असा की ते सात किलो कशाचे गेले? १७२ सेंटिमीटर उंचीच्या, ६२ किलोच्या मुलाच्या अंगावर चरबी मुळात फारशी नसते. सहा आठवड्यांत उतरलेलं वजन हे आधी यकृत आणि स्नायूंमधला साखरेचा साठा असतो, त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी असतं (एका ग्रॅम साठ्यामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी), आणि त्यानंतर स्वतः स्नायू. आता वळणाआधी ब्रेक दाबताना काय होतं ते आठवा. गाडी थांबू पाहते आणि तुमचं धड पुढे जाऊ पाहतं. ते अडवतात तुमच्या मांड्या, पोट, पाठ आणि हात, प्रत्येक फेरीला आठ-दहा वेळा. सरळ रस्त्यावर कमावलेलं उपाशी शरीर ब्रेकिंगमध्ये गमावतं. शेवटच्या दोन फेऱ्यांत तर चुका व्हायला लागतात, आणि पडण्याची सुरुवात तिथे होते.

जास्त काळ गरजेपेक्षा कमी खाल्लं की शरीर काटकसर सुरू करतं. हार्मोन्स घटतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात, सर्दी-ताप पाठ सोडत नाही, झोप आणि मूड बिघडतो. खेळाडूंमधल्या या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'रेड-एस' म्हणतात. मुलींमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही तिची सर्वांत ठळक खूण. तीन महिने पाळी आली नाही तर 'सरावाचा ताण असेल' असं म्हणून सोडून देऊ नका. ज्या खेळात वर्षाकाठी दोन-तीनदा जमिनीवर आदळणं गृहीतच धरलेलं असतं, त्यात ठिसूळ हाडं घेऊन उतरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग खायचं काय? ६० किलोच्या सराव करणाऱ्या तरुणाला दिवसाला साधारण ९० ते १०० ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम मिळतात, आणि वारणेच्या काठावर दूध मिळत नाही असं कुणी म्हणू नये. एका अंड्यात ६, मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत १२, शंभर ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या आसपास. डाळ, उसळ, दही यांतून उरलेली भरतात. महागडा डबा लागत नाही. ज्वारीची भाकरी बंद करू नका. शर्यतीचा जोर तिच्यातूनच येतो. तांबडा-पांढरा रस्सा मात्र शर्यतीच्या आदल्या रात्री नको. कारण विचारू नका, लेदरचा सूट घालून पोट बिघडल्यावर काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा.

वजन खरोखर जास्त असेल तर ते हंगामाआधी, आठवड्याला अर्धा किलो या गतीनं उतरवा. हंगाम सुरू झाल्यावर नाही.

चेन्नईचं ऊन आणि लेदरचा सूट

राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या साधारणपणे जून ते ऑक्टोबरदरम्यान होतात आणि त्यांचं घर म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे. आपल्याकडे तेव्हा पाऊस, चिखल आणि गारवा. इथे पावसात सराव करून थेट चेन्नईच्या दमट उन्हात उतरणाऱ्याला पहिला फटका तिथेच बसतो. उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. इतके दिवस आधी जाणं कुणाला परवडत नाही. निदान दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि घरी असताना दुपारच्या वेळी अंगभर कपडे घालून हलकं धावणं-चालणं ठेवा.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जागतिक स्पर्धेची भारतातली फेरी झाली, तेव्हा उष्णतेमुळे मुख्य गटाची शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली गेली. तरीही होर्हे मार्टिनसारखा जगातला अव्वल स्वार शर्यत संपेपर्यंत निर्जलीकरणानं अर्धमेला झाला होता. तुमचा सूट त्याच्याइतका हवेशीर नक्कीच नाही.

एक साधी युक्ती सांगतो. सरावाच्या आधी आणि नंतर अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करा. जेवढे किलो घटले तेवढे लिटर घाम गेला. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी प्या. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. शरीराच्या दोन टक्के पाणी गेलं तरी, म्हणजे ६० किलोच्या स्वाराचं सव्वा लिटर, लक्ष आणि प्रतिसादाचा वेग मंदावायला लागतो. नुसतं साधं पाणी चार-पाच लिटर ढोसणंही चुकीचं, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. ट्रॅकवर कॅनमधून मिळणारी एनर्जी ड्रिंक्स ही पाण्याची जागा घेत नाहीत. त्यांतल्या कॅफिननं छातीत धडधड वाढते, आणि शर्यतीत ठोके मिनिटाला दीडशेच्या वर गेलेलेच असतात.

स्वार असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या किंवा बेशुद्ध झाला आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. सूट कापावा लागला तरी कापा, पाण्याच्या टबात बसवा किंवा अंगावर बर्फाचं पाणी ओता, पंखा लावा. आधी थंड करा, मग गाडीत घाला. इस्पितळापर्यंतच्या अर्ध्या तासात मेंदूचं जे नुकसान होतं ते नंतर भरून येत नाही.

हात भरून येणं

तुमच्या घरी म्हशी असतील तर हे लगेच कळेल. हातानं दोन म्हशींची धार काढल्यावर कोपरापासून मनगटापर्यंत हात जसे भरून येतात, दगडासारखे होतात, तसंच क्लच आणि ब्रेक दाबून स्वाराचं होतं. स्नायू काम करताना रक्त भरून फुगतात, पण त्यांच्याभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. आतला दाब वाढतो, रक्त फिरणं मंदावतं, बोटं बधिर होतात आणि ब्रेक किती दाबला गेला हे समजेनासं होतं. यालाच स्वार 'आर्म पंप' म्हणतात. २०२१ मध्ये हेरेसच्या शर्यतीत फाबियो क्वार्टारारो आघाडीवर असताना हात असा गेला की तो तेराव्या क्रमांकावर घसरला, आणि त्याच आठवड्यात त्याची शस्त्रक्रिया झाली.

तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार शेवटी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा दोष पकडीत निघतो. मांड्यांनी टाकी धरायची सोडून ते हँडलला लटकतात. लिव्हरचा कोन, हँडलच्या मुठीची जाडी, हातमोजाचा घट्टपणा हे आधी बदलून पाहा. जिममध्ये नुसते मुठीचे व्यायाम वाढवू नका, त्यानं स्नायू आणखी जाड होऊन त्रास वाढू शकतो. पोट, पाठ आणि मांड्या बळकट करा. एवढं करूनही दर शर्यतीला हात जात असेल तर व्यायामाच्या आधी आणि नंतर स्नायूंमधला दाब मोजणारी चाचणी असते. ती करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

मनगट: माझ्या हातून झालेली चूक

पडताना माणूस हात टेकतो. हे थांबवता येत नाही. तळहात टेकला की अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्कॅफॉइड नावाच्या हाडावर भार येतो. होडीच्या आकाराचं, काजूगराहून थोडं मोठं हाड. अंगठा ताणून वर केलात की मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो, ज्यात जुनी माणसं तपकीर ठेवायची. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काहीही म्हणो, ते हाड मोडलं आहे असं समजूनच चालायचं.

मी हे इतकं ठासून सांगतो कारण बऱ्याच वर्षांपूर्वी मी ते सांगितलं नव्हतं. नवीन दवाखाना होता. ट्रॅकवर पडलेला एक मुलगा तिसऱ्या दिवशी आला, सूज थोडी, एक्स-रे स्वच्छ. "नुसतं मुरगळलंय," तोच म्हणाला, आणि मीही मान डोलावली. क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. पुन्हा ये, असं म्हणालो असेन, पण कशासाठी ते सांगितलं नाही. तो आला सात महिन्यांनी. हाड सांधलं नव्हतं. कमरेचं हाड काढून मनगटात बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागली आणि तरीही मनगट पूर्वीसारखं वाकलं नाही. आता तो गॅरेज चालवतो. उजव्या हातानं पाना फिरवताना तो मध्येच थांबतो, हे मी पाहिलंय.

या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि मागे मनगटाकडे येतं. मध्येच भेग पडली की मागचा तुकडा उपाशी राहतो, आणि वेळेत बांधला नाही तर मरतो. पहिल्या काही दिवसांत ही भेग एक्स-रेमध्ये दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. म्हणून खळगा दुखत असेल तर अंगठ्यासह प्लास्टर किंवा स्प्लिंट घालायचं आणि १० ते १४ दिवसांनी दुसरा एक्स-रे काढायचा. घाई असेल तर एमआरआय. मोडलेलं असेल तर साधारण ८ ते १२ आठवडे, कधी त्याहून जास्त.

हंगामाची तारीख आणि हाडाची तारीख

दोन फेऱ्यांमध्ये तीन-चार आठवडे असतात. गळपट्टीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. सगळं भांडण या दोन आकड्यांमध्ये आहे.

गुण हातचे जाताना काय वाटतं, ते मला समजतं. २०१५ च्या मोटो३ हंगामात डॅनी केंटचे २६० गुण झाले आणि मिगेल ऑलिव्हेराचे २५४. सहा गुणांनी अजिंक्यपद गेलं. त्याच हंगामात ऑलिव्हेराचा हात जर्मनीत सरावादरम्यान मोडला होता आणि ती शर्यत त्याला सोडावी लागली होती. (हा ऑलिव्हेरा शर्यती करताकरता दंतवैद्यकही शिकला. नवे पारगावच्या डेंटल कॉलेजातल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.) पण बरा झालेल्या हातानं तो पुढच्या फेऱ्यांत इतका धावला की शंभराहून जास्त गुणांची पिछाडी सहावर आणली. त्याचा हात शाबूत राहिला आणि तो पुढे मोठ्या गटात शर्यती जिंकला.

दुसरं उदाहरण मार्क मार्केझचं. १९ जुलै २०२० रोजी हेरेसला त्याच्या दंडाचं हाड मोडलं. प्लेट बसवली आणि तो त्याच आठवड्यात, पुढच्या फेरीसाठी गाडीवर बसला. टीव्हीवर पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच दिवसांत प्लेट तुटली, ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया, डिसेंबरमध्ये तिसरी, हाडात जंतुसंसर्ग, आणि जून २०२२ मध्ये चौथी. एका फेरीची घाई त्याला दोन वर्षं पुरली. जगातले उत्तम सर्जन त्याच्या दिमतीला होते.

मला कुणी होर्हे लोरेन्झोचं नाव सांगतं, की २०१३ मध्ये गुरुवारी गळपट्टीचं हाड मोडून, शस्त्रक्रिया करून, शनिवारी शर्यतीत तो पाचवा आला. खरं आहे. पण पुढच्याच महिन्यात तो पुन्हा त्याच खांद्यावर पडला आणि प्लेट वाकली, हे सांगायचं राहून जातं.

गाडीवर परत बसण्याआधी एवढं जमायला हवं: दुखणं दाबायच्या गोळीशिवाय दोन्ही हातांवर दहा जोर निघाले पाहिजेत, ब्रेकचं लिव्हर पूर्ण ताकदीनं लागोपाठ तीस वेळा दाबता आलं पाहिजे, आणि एक्स-रेमध्ये हाड सांधताना दिसलं पाहिजे. इंजेक्शन घेऊन बधिर केलेल्या हातानं शर्यत करू नका. दुखणं हा हाडाचा आवाज आहे, तो बंद केला म्हणून हाड जुळत नाही.

डोक्याला मार: इथे तडजोड नाही

बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला इजा नाही, हा समज ट्रॅकवरही आहे आणि गावातही. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. तो उठतो, गाडी उचलतो, आणि मग तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारतो. डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, चिडचिड, 'सगळं धुक्यातून दिसतंय' असं म्हणणं, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी गाडी बंद. 'एक फेरी मारून बघतो' हेही नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूची सूज जिवावर बेतू शकते, विशेषतः वीस वर्षांखालच्यांत.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमीत कमी. मग चालणं, हलकं धावणं, व्यायाम अशी पायरी-पायरीनं वाढ. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. लक्षणं परतली तर एक पायरी मागे. शेवटची पायरी म्हणजे गाडी, आणि तिच्याआधी डॉक्टरांचा होकार. दोन-दोन दिसत असेल तर विशेष सावध राहा. मार्केझला हा त्रास २०११ मध्ये मलेशियात पडल्यावर सुरू झाला. हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यती आणि त्यांबरोबर मोटो२ चं अजिंक्यपद गेलं, डोळ्याच्या स्नायूची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि दहा वर्षांनी तोच त्रास पुन्हा उलटला.

हेल्मेट एकदा जोरात आदळलं की बाहेरून धड दिसलं तरी बाद. आतला थर दबलेला असतो. ते मित्राला 'रोजच्या वापराला' देऊ नका.

मुलगा १३-१४ वर्षांचा असेल तर

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. लहान गटाच्या शर्यतीत गाड्या जवळजवळ सारख्या ताकदीच्या असतात. पुढच्याच्या मागे हवा कापत सगळे घोळक्यानं जातात. पाहायला थरार वाटतो. पण या घोळक्यात पडलेल्याच्या अंगावर मागची गाडी येण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, आणि त्यापुढे कोणताही सूट पुरा पडत नाही. २०२१ मध्ये युरोपात मोटो३ आणि तिच्याखालच्या लहान गटांत १९, १४ आणि १५ वर्षांचे तीन स्वार असेच गेले. त्यानंतर जागतिक स्पर्धेतलं किमान वय १६ वरून १८ करण्याचं ठरलं आणि २०२३ पासून ते, मोजके अपवाद सोडून, लागू झालं. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेरीत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला.

मुलाला ट्रॅकवर पाठवूच नका, असं मी म्हणत नाही. पण मुलाची हाडं त्या वयात अजून वाढत असतात. सांध्याजवळच्या वाढीच्या थराला मार लागला तर हात किंवा पाय आखूड-वाकडा वाढू शकतो. मानेचे स्नायू कच्चे असतात आणि हेल्मेटचं वजन तेच राहतं. त्यामुळे आधी कार्टिंग किंवा लहान मातीच्या ट्रॅकवर एकट्यानं सराव, मग काही वर्षांनी घोळक्यातली शर्यत. जागतिक स्पर्धेच्या तिन्ही गटांत २०१८ पासून एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे. खांदा, गळपट्टी, छाती आणि पाठ तो वाचवतो. नव्या गाडीच्या एक्झॉस्टला पैसे देण्याआधी त्याची किंमत विचारा.

आणि सार्वजनिक रस्ता हा सरावाचा ट्रॅक नाही. उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली वळणावर उभी असते, तिला पिवळे झेंडे दाखवणारा कुणी नसतो. १८ वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

थेट इस्पितळ कधी गाठायचं?

पडल्यानंतर उलट्या, वाढती डोकेदुखी, झापड, झटका, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, मानेच्या मध्यभागी दुखणं, हातापायांत मुंग्या किंवा बळ नसणं, श्वासाला त्रास, पोट कडक होणं, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पडलेला श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरा, काच वर करा, आणि पाणी पाजू नका. श्वासच नसेल तर दोघांनी मिळून, एकानं मान धरून दुसऱ्यानं हेल्मेट काढायचं. हे आधी एकदा घरी करून पाहा.

सूटच्या आतल्या खिशात एका कार्डावर नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची अॅलर्जी, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी, आधीच्या शस्त्रक्रिया आणि घरचा फोन नंबर लिहून ठेवा. मित्राच्या मोबाइलमध्ये ठेवलेली माहिती त्याच्या पासवर्डमागे राहते.

सुरुवातीला सांगितलेला मुलगा पाच आठवड्यांनी पुन्हा आला. वजन ५९ किलो, उभा राहिल्यावर रक्तदाब चारनं घसरला, टेबलाला हात लावला नाही. पहिली फेरी चुकली होती म्हणून थोडा रुसलेला होता. मी सही केली आणि त्याला उजव्या मनगटावरचा तो तपकिरीचा खळगा शोधून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या प्रयत्नात त्याला सापडला.